जांभळे खांब

न्यूटन, कॅन्सस
२८ सप्टेंबर १९९८

मिसेस श्राग यांना लोवेल रेगियरचा नमस्कार.

तुम्ही मला चेहऱ्याने ओळखता की नाही, मला नक्की सांगता यायचं नाही. नोव्हेंबर लागला की एक हिरवी पिकअप तुमच्या अंगणात यायची आणि तिच्यातला माणूस तासभर तुमच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर विलिसशेजारी बसून राहायचा, तो मी. एकतीस वर्षं आलो, पण घरात कधी पाऊल टाकलं नाही, कारण माझे बूट नेहमी चिखलाचे. तुम्ही खिडकीतून हात करायचात, कॉफीचे दोन कप विलिसच्या हाती द्यायचात. कॉफी झकास असायची. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

विलिस फेब्रुवारीत गेला. चर्चमध्ये मी होतो, अगदी मागच्या बाकावर. तुम्हाला भेटून दोन शब्द बोलायचे होते ते राहून गेले, ते आता लिहितो. त्याच्यासारखा माणूस मला दुसरा भेटला नाही. शब्द चार झाले की पाच, ते काही मोजत नाही.

आता कामाचं. पंधरा दिवसांपूर्वी मी तुमच्या बाजूला गेलो होतो. सहजच. (न्यूटनहून तुमच्या शेतापर्यंत वीस मैल, तेव्हा सहज कसला, पण असू दे.) पाहतो तर पूर्वेकडच्या कुंपणाचा एकूण एक खांब जांभळा. चौतीस वर्षं मी टेलिफोन कंपनीत लाइनमन होतो, त्यामुळे खांब दिसला की नजर आपोआप वर जाते. जांभळ्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: मालकाचा लेखी कागद खिशात असल्याशिवाय बंदूक घेऊन आत यायचं नाही. विलिसच्या हयातीत त्या खांबांना कधी रंग लागला नव्हता, म्हणून जरा चपापलो.

तर १४ नोव्हेंबरला फेझंट पक्ष्यांची शिकार खुली होते आहे. त्या दिवशी तुमच्या पूर्वेच्या ओघळीत आणि ज्वारीच्या धसकटांत मला आणि माझ्या टिली नावाच्या कुत्रीला फिरायची लेखी परवानगी मिळावी, ही विनंती.

विलिसला मी विचारायचो ते सगळ्यात शेवटी. आधी गव्हाची पेरणी, मग पाऊस, मग त्याचे गुडघे, माझे गुडघे, चर्चच्या छपराची गळती. आणि पिकअपचं दार उघडता उघडता मी म्हणायचो, "मग शनिवारी आलो तर चालेल ना?" तो म्हणायचा, "दरवर्षी काय विचारतोस रे लोवेल, रान तुझंच आहे." विचिटा शहरातली माणसं गाडीचं इंजिन चालू ठेवून खिडकीतूनच विचारायची. त्यांना तो म्हणायचा, "बघू." त्याचं "बघू" म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पत्रात हे सगळं करता येत नाही. गव्हाचं कसं काय?

आपला,
लोवेल रेगियर


मौंडरिज
६ ऑक्टोबर १९९८

मिस्टर रेगियर,

पत्र मिळालं. गहू पेरून झाला. पेरतो आता शेजारचा गोअरिंग, मी फक्त खिडकीतून ट्रॅक्टरच्या फेऱ्या मोजते.

तुम्हाला ओळखत नाही असं कसं होईल? एकतीस वर्षं तुमचा कप मी धुतलाय.

या वर्षी पाच जणांनी परवानगी मागितली. त्यातल्या चौघांना मी दिली. दोघे तर विचिटाचे आहेत, त्यांचं मी तोंडही पाहिलेलं नाही, आणि एकाने माझ्या नावाचं स्पेलिंग असं केलंय की मला आधी वाटलं पत्र दुसऱ्या कुणाचं आहे. तरी दिली. पाचवे तुम्ही. तुम्हाला मिळणार नाही.

म्हातारीचं डोकं फिरलंय असं तुम्हाला वाटेल. खुशाल वाटू द्या. कारण तुमचं तुम्हाला ठाऊक असायला हवं. नसेल, तर बसा आठवत. निवृत्त माणूस आहात, वेळेला काय तोटा.

आर्डिस श्राग


न्यूटन
११ ऑक्टोबर १९९८

मिसेस श्राग यांस,

बसलो आठवत. चार दिवस दुसरं काही केलं नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून जे जे झालं ते सगळं खाली लिहितो. यातलं जे असेल त्याची माफी मागतो, आणि जे नसेल त्याचीही मागतो, कारण आता ते तुम्हाला कळलंच.

१९७९ साली उत्तरेचं फाटक मी उघडं टाकलं. तुमची अकरा वासरं डांबरी रस्त्यावर गेली. विलिसला मी सांगितलं की फाटकाची कडी सैल होती. कडी ठणठणीत होती.

एकदा पहाटेच्या धुक्यात मी फेझंटची मादी मारली. मादीवर बंदूक चालवायची नाही हे इथे पाळण्यातल्या पोराला माहीत. मला इतकी शरम वाटली की मी तिला तुमच्या रानप्लमच्या जाळीत पुरलं आणि वर दगड ठेवला. विलिसला हेही कधी सांगितलं नाही.

आता सगळ्यात वाईट. १९८६ साली तुमची ती ठिपक्यांची अंडी देणारी कोंबडी गेली, ती कोल्ह्याने नेली नव्हती. माझ्या टिलीच्या आईने नेली होती. मी पिसं गोळा करत होतो तेवढ्यात विलिस आला. तो म्हणाला, "आर्डिसला कोल्हा सांगू." नंतर म्हणे तुम्ही तीन रात्री कोल्ह्यासाठी सापळा लावलात. मला खाली बघून चालावंसं वाटायचं.

आणि अंत्यविधीनंतर मी चर्चच्या तळघरात जेवायला थांबलो नाही. हेच असेल असं माझं मन सांगतंय. हॅम, झ्विबाकचे पाव, बायका वाढतायत, आणि मी कोट घालून दारातून सटकलो. खरं सांगतो. माझी व्हर्डा दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा त्याच प्रकारच्या तळघरात, त्याच प्रकारच्या टेबलाशी मी बसलो होतो. हॅमचा वास आला आणि माझे पाय निघाले. तुम्ही मला जाताना पाहिलं असेल, तर तुम्हाला वाईट वाटलंच असणार.

यातलं नसेल, तर मग मला खरंच ठाऊक नाही.

लोवेल रेगियर


मौंडरिज
१९ ऑक्टोबर १९९८

मिस्टर रेगियर,

कोंबडीचं वाचून मी हसले. मोठ्याने. आणि मग दचकले, कारण या घरात बऱ्याच दिवसांत तसा आवाज झाला नव्हता. सापळ्यात गोअरिंगचं मांजर सापडलं होतं, आणि त्यावरून त्यांची बायको माझ्याशी इस्टरपर्यंत बोलली नाही. ते खापर आता तुमच्या माथी.

वासरांचं विलिसला माहीत होतं. तो म्हणायचा, "लोवेलला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात." अंत्यविधीच्या दिवशी मात्र मी कुणालाच पाहिलं नाही, तुम्हाला काय पाहणार.

म्हणजे तुम्हाला आठवत नाही तर. किंवा आठवतंय आणि त्याच्या कडेकडेने फिरताय. मग मीच सांगते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात विलिसचं खाणं सुटलं होतं. दोन घास सूप, तेही माझ्या समाधानासाठी. शिकार खुली व्हायच्या आधीचा शनिवार आला. सकाळी सातला तो म्हणाला, "माझा निळा शर्ट काढ." मी विचारलं, कशाला. म्हणाला, "लोवेल येईल." मी दाढी करून दिली. मान इतकी बारीक झाली होती की कॉलरमध्ये दोन बोटं जायची. त्याला ओढत, धरत, मी व्हरांड्यात नेऊन खुर्चीत बसवलं, अंगावर रजई टाकली. त्याने मला दोन कप काढून ठेवायला लावले. आठ वाजता काढले.

बारापर्यंत तो बसला होता. मी म्हटलं, "आत चला, वारं आहे." तर म्हणाला, "रस्ता लांब आहे, उशीर होतो माणसाला." तेव्हा माझ्याशी भांडायला त्याच्यात जीव नव्हता, पण या एका गोष्टीसाठी भांडला.

तुम्ही आला नाहीत. पुढच्या शनिवारी, शिकारीच्या पहिल्या दिवशी, तो पलंगावर होता. साडेआठच्या सुमारास पूर्वेच्या ओघळीकडून दोन बार झाले. तुमच्या बंदुकीचा आवाज त्याला ओळखू यायचा, जुनी आहे, जरा खोकल्यासारखी वाजते म्हणायचा. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "लोवेल आलाय." खूश झाला होता. मग थोड्या वेळाने म्हणाला, "विचारलं नाही त्याने."

बस. एवढंच. पण मला विचाराल तर त्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं की तुम्ही लोकांनी त्याला हिशेबातून वजा केलंय. जमीन आहे, मालक नाही.

नाताळच्या आधी दोन दिवस ऊन पडलं, तेव्हा त्याने मला जांभळा रंग आणायला लावला. पिकअपमध्ये बसून तो खांब दाखवायचा आणि मी रंगवायची. त्रेसष्ट खांब. पहिले तीन त्याने स्वतः रंगवले, खिडकीतून हात बाहेर काढून. मी म्हटलं, "हे कशासाठी? आजवर कुणाला बंदी केली नाहीत." तो म्हणाला, "बंदी कुठे करतोय? विचारा एवढंच म्हणतोय."

तेव्हा हा रंग माझा नाही, मिस्टर रेगियर. तो तुमच्यासाठीच होता.

आर्डिस श्राग


न्यूटन
२ नोव्हेंबर १९९८

मिसेस श्राग,

उत्तराला चौदा दिवस लागले. कागद बरेच वाया गेले.

तुम्ही लिहिलंत की मी आलो नाही. मी आलो होतो.

त्या शनिवारी सकाळी नऊला मी तुमच्या टपालपेटीशी पोचलो होतो. पिकअप वळवून आत घ्यायची तेवढी बाकी होती. अंगणात नर्सबाईंची पांढरी गाडी उभी होती, आणि व्हरांड्यात विलिस खुर्चीत होता. रजईतून फक्त डोकं बाहेर दिसत होतं. अंतर बरंच होतं, पण मला डोकं दिसलं आणि कॉलर दिसली. व्हर्डाला हाच आजार होता. शेवटच्या महिन्यात तिची मान अशीच दिसायची. माझा पाय क्लचवरून उठेना.

मी स्वतःला सांगितलं, आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा. घरात नर्स आहे, बायको दमलेली असेल, आणि आपण जाऊन शिकारीचं विचारायचं म्हणजे काय, शोभतं का. एकतीस वर्षं हो म्हणतोय, बत्तिसाव्या वर्षी काय नाही म्हणणार आहे? सगळी कारणं चांगली होती. न्यूटनला परत जाईपर्यंत मी ती घोकत होतो. खरं कारण एकच होतं. मी घाबरलो.

तो माझी वाट बघतोय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. म्हणजे, आलं असणार. कॉलर त्याच्या ठेवणीतल्या निळ्या शर्टाची होती हे मला दिसलं होतं ना. आजारी माणूस साधा सदरा घालून बसतो.

पुढच्या शनिवारचे ते दोन बार. त्या दिवशी एकही पक्षी उठला नाही. टिली म्हातारी झालीय, तिला आता ऐकू येत नाही, नाकाचाही भरवसा नाही. मी ओघळीच्या तोंडाशी उभा होतो, तिथून तुमच्या घराचं छप्पर दिसतं. मी ते बार हवेत काढले. म्हटलं, त्याला ऐकू जाईल. कळेल की मी आलोय, रान ओस पडलेलं नाही. मला वाटलं, विचारायला नाही गेलो तरी एवढं तरी करू. तुमच्या पत्रावरून कळतं की त्याने काय ऐकलं.

त्या दिवसानंतर मी बंदूक कपाटातून काढलेली नाही. तुम्हाला पहिल्या पत्रात परवानगी मागितली तेव्हाही शिकारीचं काही खरं नव्हतं. जांभळा रंग बघितला आणि वाटलं, चला, आता विचारायला कारण आहे.

तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर होतं. मी पुन्हा मागत नाही. या पत्राला उत्तर देऊ नका, तुमच्यावर ओझं नको.

लोवेल


मौंडरिज
५ नोव्हेंबर १९९८

लोवेल,

उत्तर द्यायचं की नाही हे माझं मी ठरवते.

तुमचं पत्र मी सकाळी वाचलं आणि दुपारी पुन्हा वाचलं. मध्ये व्हेरेनिके करायला घेतले होते, विलिसला आवडायचे तसे चीज भरलेले कानवले, वर साईचा रस्सा घालून, आणि कणीक तशीच राहिली. रागावावं म्हणून मी बसले होते, तर राग येईना. वर्षभर ज्या माणसावर मी मनातून दात खात होते, तो टपालपेटीपाशी घाबरून उभा होता हे कळल्यावर त्याच्यावर दात कसे खायचे. माझी पंचाईत करून ठेवलीत.

एक तुम्हाला सांगायला हवं. नर्सची गाडी दिसली म्हणता, ती बाई त्या दिवशी फक्त औषध ठेवायला आली होती. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आला असता तर गाडी दिसलीही नसती. असो.

सोबत कागद जोडला आहे. नीट ठेवा. त्यावर लिहिलंय की लोवेल रेगियर यांना माझ्या सगळ्या जमिनीवर, सगळ्या हंगामात, ही जमीन माझ्या नावावर आहे तोवर, शिकारीची परवानगी आहे. खाली सही केलीय. तारीख घातलीय. कायद्याने जे काय लागतं ते सगळं आहे, गोअरिंगला दाखवून घेतलं.

आता तुम्हाला दरवर्षी विचारायची गरज नाही. या पायऱ्या तुम्हाला जड जातील हे मला आता कळलंय, आणि मला कुणाला जबरदस्तीने त्या चढायला लावायच्या नाहीत. सरळ ओघळीकडच्या फाटकाने आत जा. घराकडे फिरकायचीही गरज नाही. मी वाईट मानणार नाही.

विलिसच्या वतीनेही हे झालं असं समजा.

आर्डिस


न्यूटन
९ नोव्हेंबर १९९८

आर्डिस,

कागद परत पाठवतोय. उद्धटपणा समजू नका.

आयुष्यात मला एवढी मोठी परवानगी कुणी दिली नव्हती, म्हणून आधी तो मी फ्रीजवर चुंबकाने लावला. दोन दिवस येता-जाता वाचला. आणि मग लक्षात आलं की हा कागद खिशात असेल तर तुमच्या दारात यायला मला पुन्हा कधीही काही कारण उरणार नाही. उद्या मी मेलो तरी कुणाला कळायचं नाही की या वर्षी लोवेल विचारायला आला नाही.

स्पष्टच लिहितो, आता लपवून काय मिळवायचंय. व्हर्डा गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही आणि मीही कुणाला काही विचारत नाही. वाण्याच्या दुकानातली मुलगी विचारते, पिशवी कागदाची की प्लास्टिकची. मी मुद्दाम वेळ लावतो. मुलगा डेन्व्हरला असतो, रविवारी फोन करतो, "काय चाललंय" म्हणतो आणि उत्तर यायच्या आत मागे त्याचा टीव्ही ऐकू येतो. त्याला दोष नाही. एकतीस वर्षं माझ्या वर्षात एक तारीख अशी होती की त्या दिवशी कुणीतरी माझी वाट बघत असे, आणि ती मी स्वतःच्या हाताने घालवली.

मला सगळ्या हंगामांची परवानगी नको. एका शनिवारची द्या. तीसुद्धा पत्राने नको. तो शनिवार संपला की मला पुन्हा यावं लागेल, गव्हाचं विचारावं लागेल, गुडघ्यांचं सांगावं लागेल.

शुक्रवारी, १३ तारखेला, सकाळी दहा वाजता येतो. या वेळी टपालपेटीशी थांबणार नाही, पायऱ्या चढून दार वाजवीन. बूट धुतलेले असतील. तुमची इच्छा नसेल तर दार उघडू नका, मी समजेन आणि निघून जाईन, मनात काही ठेवणार नाही.

लोवेल


मौंडरिज
१६ नोव्हेंबर १९९८

लोवेल,

तुम्ही आलात. दहाला दोन मिनिटं कमी होती.

तुम्ही दार तीन वेळा वाजवलंत. मध्ये थांबून टोपी काढलीत, ती या हातातून त्या हातात केलीत. तिसऱ्यांदा वाजवताना तर इतकं हळू वाजवलंत की मलाच ऐकू आलं नसतं, पण मी बघत होते. मी घरातच होते. स्वयंपाकघरातून पुढचं दार सरळ दिसतं, काचेतून. मी टेबलाशी बसले होते, केस विंचरून, कोपराशी ताजी कॉफी, आणि मला उठता येईना.

हे तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण तुम्हाला वाटत असेल की मी मुद्दाम केलं. तुम्ही समजूतदारपणे निघून गेलात, पायऱ्या उतरताना कठड्याला धरलंत, पिकअपमध्ये बसलात आणि थोडा वेळ ती चालूच केली नाहीत. मग गेलात. मी तरी बसलेलीच.

काय झालं ते सांगते. नऊपासून मी तयार होते. अंग आवळून बसले होते खुर्चीवर, पण मनातून बरं वाटत होतं, कुणीतरी येणार होतं. मग खडीवर चाकांचा आवाज आला. आणि मी वाट बघायला लागले की आता विलिस उठेल. एकावन्न वर्षं या घरात पिकअप आली की तो उठायचा. खुर्ची मागे सरकायची, तो खिडकीतून बघायचा, "अमका आलाय गं" म्हणायचा आणि दार उघडायला जायचा. मी मागून कप काढायची. दार उघडायचं काम माझं कधी नव्हतंच. तुम्ही वाजवत होतात आणि मी ऐकत होते की खुर्ची कधी सरकते. ती सरकली नाही. तो गेलाय हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे, शवपेटी मी निवडली, कपडे मी घातले, पण शुक्रवारी दहा वाजता मला ते कळलं.

वर्षभर मी म्हणत होते, असा कसा माणूस, विचारायलाही आला नाही; आणि तुमचं पत्र वाचल्यावर म्हणत होते, टपालपेटीपर्यंत आला आणि आत कसा आला नाही. आता मला कळतं असा कसा ते. माझ्या तर मध्ये अंगणसुद्धा नव्हतं. अकरा पावलं होती. नंतर मोजली.

शनिवारी शिकार खुली झाली. दिवसभर बंदुकांचे आवाज येत होते, उत्तरेकडून, गोअरिंगच्या बाजूने, विचिटावाल्यांचे. मी कान देऊन बसले होते. पूर्वेकडून एकही बार ऐकू आला नाही. तुमच्या खिशात कागद नव्हता, म्हणून तुम्ही गेला नसणार. टिलीला घेऊन घरात बसला असाल. मला फार वाईट वाटलं, लोवेल. कॉफी मी तशीच ओतून दिली.

तो जुना कागद मी फाडला. नवीन लिहिलेला नाही, आणि टपालाने पाठवणारही नाही. तुम्ही या आणि तोंडाने विचारा, मी तुमच्या समोर लिहीन, एका शनिवारचा.

पुन्हा यायला सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. येत्या शनिवारी, २१ तारखेला या. रेडिओवर थंडी पडणार म्हणतात. पडू दे. दार वाजवू नका, मला अजून उठायला जमेल याची खात्री नाही. मी आधीच बाहेर येऊन बसलेली असेन.

आर्डिस